पालथ्या होडीवर पाणी

...आणि सगळ्यांत वर, हाताएवढ्या अक्षरात, 'इतिहास'. वाचलात ना बोर्ड? न वाचता आत येताच येत नाही, मुलानं मुद्दाम दाराच्या चौकटीवर ठोकलाय, उंच माणसाचं कपाळ बरोबर त्यावर आपटतं. 'बेटावरील अतिप्राचीन सागरी विश्रामधाम, जिथे पिढ्यान्‌पिढ्या थकल्या प्रवाशांनी विसावा घेतला.' पिढ्यान्‌पिढ्या. अहो, हे मी बांधलंय. या दोन हातांनी. मी काय अतिप्राचीन दिसतो? ...बरं, दिसत असेन, सकाळी उठल्या उठल्या दिसतही असेन, पण म्हणून काय ते भिंतीवर लिहायचं? इतिहास म्हणे. मी होतो ना तिथं.

बसा. बोट यायला अवकाश आहे, आणि वेळेवर येण्याची तिला सवय नाही.

तुम्हाला सांगतो, मी बोलणारा माणूस नव्हे. आमची ही म्हणते, "तुम्ही दिवसाला सात शब्द बोलता, त्यातले चार 'नाही' असतात." बरोबर आहे. ज्याला काम असतं त्याला बोलायला कुठून वेळ मिळणार? पण खोटं वाचलं की मला राहवत नाही, आणि तो बोर्ड मी दिवसातून वीस वेळा वाचतो, कारण दार एकच आहे. त्या दारावरूनच तर सगळं झालं. सांगतो.

शाळा माझी तिसरीपर्यंत. तिसरीत मास्तरांनी वडिलांना बोलावलं आणि म्हणाले, "याच्या हातात पाटी टिकत नाही, रंधा देऊन बघा." दिला. तो आजपर्यंत टिकलाय. होड्या बांधणारा सुतार मी, लहानमोठ्या मिळून एकशे चौदा होड्या बांधल्या, त्यातली एकही बुडाली नाही, विचारा कुणालाही. एक मात्र पाण्यातच गेली नाही. ती तुमच्या डोक्यावर आहे. वर बघा. ...अजून वर. हां. ते छप्पर नाही. होडी आहे. पालथी.

आता त्या बोर्डावर काय लिहिलंय? 'सागराशी असलेल्या नात्याचे प्रतीक म्हणून नौकेच्या आकाराचे छत.' प्रतीक. मला प्रतीक म्हणजे काय ते माहीत नाही, पण असली वस्तू मी कधी बांधलेली नाही एवढं नक्की. मी होतो ना तिथं.

या चार भिंती आहेत ना, त्या माझ्या सासऱ्यांच्या. मिठाचे व्यापारी. हे त्यांचं मिठाचं गोदाम. मिठानं छपराचे वासे खाल्ले, छप्पर बसलं, भिंती उरल्या. बोर्ड म्हणतो, 'वादळवाऱ्याला तोंड देण्यासाठी उभारलेल्या भक्कम भिंती.' वादळवारा कसला, पोत्यांवर कुत्र्यांनी तंगडी वर करू नये म्हणून घातलेल्या भिंती त्या. लग्न नवीन होतं, मला काम करायला आडोसा नव्हता, सासऱ्यांना विचारलं. सासरे म्हणजे कसा माणूस, तर हसताना सुद्धा वजन करून हसणार. म्हणाले, "जावईबापू, खुशाल वापरा. पण माझा एक दगड हलला, तर मुलगी परत माझ्या घरी." मी म्हणालो, "दगडाला हात लावणार नाही." दिलेला शब्द मी मोडत नाही. त्या शब्दानंच माझं वाटोळं केलं ते सोडा.

तर पलीकडच्या काठावरच्या एका मासळीवाल्यानं मला मोठी होडी सांगितली. अडतीस फूट लांब, मधे अकरा फूट रुंद. एवढं मोठं काम पहिल्यांदाच. मी गोदामात बांधायला घेतली, चार भिंतींच्या आत, वारा नाही, बघे नाहीत, आणि बांधली पालथी. माझी पद्धत ती. तळाचं काम पाठ न वाकवता करता येतं. आठ महिने बांधली. फळीला फळी अशी बसवली की मधून केस जाणार नाही, सांध्यांत कापूस, वर राळ, हात फिरवला तर लहान मुलाचं पोट. माप घ्यायला टेपचं दुसरं टोक हिनं धरलेलं. एक दिवस हिनं विचारलं, "अहो, आपण कशाकशाचं माप घेतोय?"

मी म्हणालो, "होडीचं."

"आणि दाराचं?"

मी म्हणालो, "टेप धर. बोलू नकोस."

ही बोलली नाही. नंतरही बोलली नाही. शेहेचाळीस वर्षं झाली, त्या विषयावर चकार शब्द नाही, आणि माणसाला मारायला ते पुरतं.

दार आठ फूट. होडी अकरा.

मासळीवाला आला होडी न्यायला, वीसएक माणसं घेऊन. मागं सगळं गाव, कारण त्या दिवशी गावात दुसरं काही नव्हतं. तो दारात उभा राहिला. होडीकडं बघितलं. दाराकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "मिस्त्री, ही होडी आतल्या आत चालवायची का?"

लोक हसले. सासरे मागं उभे होते, ते हसले नाहीत, ते दगड मोजत होते. आता तुम्ही सांगा, माणसानं काय करावं? चुकलो म्हणावं? सरळ आहे, दोन शब्द आहेत, 'माप चुकलं'. तेवढे दोन शब्द मी त्या दिवशी बोललो असतो तर आज तो बोर्ड नसता, ती बादली नसती, काही नसतं. पण जीभ कुणाच्या बापाची नसते. मी म्हणालो, "होडी? कुठली होडी? हे छप्पर आहे."

मासळीवाला म्हणाला, "मग माझी होडी?"

मी म्हणालो, "ती आता घेतो. आधी छप्पर पुरं केलं. उघड्यावर काम होत नाही."

झालं. एकदा बोललो की बोललो. तीस माणसं, सहा कप्प्या आणि दोन दिवस. होडी सरळ वर उचलली, भिंतींवर आडवे वासे टाकले, त्यावर बसवली, कडेनं फळ्या जोडून वळचण काढली. तुम्ही म्हणाल, भिंतीएवढी वर गेली होती तर तशीच पलीकडं बाहेर उतरवायची. ...हो. अर्ध्यात आल्यावर मलाही सुचलं ते. मासळीवाल्यालाही सुचलं, तो खालून बोटानं दाखवत होता. पण गावासमोर छप्पर म्हणालो होतो ना. बसवली. त्याची होडी पुन्हा किनाऱ्यावर बांधली, उघड्यावर, उन्हात, चार महिन्यांत, आणि ती बांधताना येणारा जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "मिस्त्री, हे आता कशाचं छप्पर?"

सासरे आले, छप्पर बघितलं, भिंतीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "दगड हलला नाही, हे मान्य आहे." बस. आणखी काय बोलणार माणूस.

आणि हे अतिप्राचीन. इतिहास म्हणे.

आता पुढचं वाचा बोर्डावर. 'वादळात सापडलेल्या प्रवाशांना या वास्तूने मायेने कुशीत घेतले.' वादळ नव्हतं. बोटीचं इंजिन बंद पडलं होतं. दिवसभरासाठी फिरायला आलेली अकरा माणसं अडकली. तीन दिवस. कुशीत कोण घेतो? गावात एकानं दार उघडलं नाही. धक्क्यावर बसून भांडत होती आपापसात, एक बँकेतला कारकून, एक नवरा-बायको लग्नाला आठ दिवस झालेले आणि सहा दिवसांपासून अबोला धरलेले, एक म्हातारा ज्याला प्रत्येक गोष्टीत वारा लागायचा, आणि त्या सगळ्यांवर एक मुख्याध्यापिका, जणू बोट तिनंच शिक्षा म्हणून थांबवली होती. ही गेली आणि सगळ्यांना घेऊन आली. मला विचारलं नाही. म्हणाली, "एवढं मोठं छप्पर केलंय, तर त्याखाली कुणीतरी झोपू दे." बघा, त्या विषयावर बोलायचं नाही, पण टोचायचं तेवढं टोचायचं.

उरलेल्या फळ्यांचे मी झोपायचे खण ठोकले, खाली एक वर एक, बोटीत असतात तसे. माझ्या उंचीचे. आजही तेच आहेत, तुमचे पाय बाहेर आले असतील काल, ते त्यामुळं.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस.

आता होडीचं कसं असतं ते ऐका, म्हणजे पुढचं कळेल. लाकूड पाण्यात असलं की पाणी पितं, फुगतं, सांधे आपोआप घट्ट मिटतात. पाण्याबाहेर काढून वाळवलंत की आक्रसतं, सांधे उघडतात. म्हणून कोरडी होडी पाण्यात घातली की आधी गळते, मग थांबते. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला ठाऊक होतं. पण मी एक होडी भिंतीवर चढवून सगळा उन्हाळा वाळत घातली होती, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. डोक्यात नाही, डोक्यावरच आलं. एकेका सांध्यातून धार. मुख्याध्यापिका छत्री उघडून खणावर बसल्या, आतल्या आत, आणि म्हणाल्या, "मिस्त्री, हे छप्पर आहे की चाळणी?"

मी म्हणालो, "दोन तास थांबा."

"दोन तासांनी काय होईल?"

"थांबेल."

"पाऊस?"

"गळणं."

दोन तासांत लाकूड फुगलं आणि थेंब बंद. बाहेर धो धो, आत टिपूस नाही. त्या अकरा जणांनी वर बघितलं, अगदी चमत्कार बघावा तसं. मी मान ताठ ठेवली. जणू हे असंच ठरलं होतं. मुख्याध्यापिका परत गेल्या आणि पुढच्या सुट्टीत चोवीस मुली घेऊन आल्या. तिथून हे स्वस्तातलं राहण्याचं ठिकाण सुरू झालं. आधी नाव नव्हतंच, मग लोक 'मिस्त्रीकडं' म्हणायला लागले, मग मुलगा शिकून आला आणि त्यानं हॉस्टेल केलं. इतिहास संपला. एवढाच आहे. पण बोर्डावर अजून निम्मा बाकी आहे, आणि तो निम्मा म्हणजे माझ्या डोक्यावर वाटलेले मिरे.

पाऊस नसताना छप्पर वाळायचं. वाळलं की अवेळी एखादी सर आली तरी आत तळं. उपाय एकच, छप्पर ओलं ठेवायचं. मी रोज शिडी लावायचो आणि समुद्राचं पाणी वर नेऊन ओतायचो, तळाचा वासा वर आलाय ना, त्याच्यावर उभं राहून, दोन्ही बाजूंना, पंचवीस-तीस बादल्या. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात लोक, मी पालथ्या होडीवर ओतत होतो. एक दिवस तो बँकेतला कारकून, परत आला होता तो, बायकोशी भांडण झालं की यायचा, खालून विचारतो, "मिस्त्री, रोज हे पाणी कशाला?"

आता काय सांगू? होड्या बांधणाऱ्याचं छप्पर गळतं म्हणून सांगू? मी म्हणालो, "रीत आहे."

"कसली?"

"इथली."

तो म्हणाला, "मी पण ओतू का एक बादली?"

मी म्हणालो, "ओता."

दुसरं खोटं ते. पहिलं छपराचं, दुसरं रितीचं. दोनच बोललो आयुष्यात, पण दोन्ही उंचावरून बोललो. त्यानं ओतली, मग त्याचं बघून बाकीच्यांनी, मग नियमच झाला, प्रत्येक पाहुण्यानं रोज एक बादली. तुम्हीही ओतलीत काल. डोळे मिटून ओतलीत, मी बघितलं. का मिटलेत? कुणी सांगितलं होतं? तसं सगळेच मिटतात हल्ली. एक बाई बादली कपाळाला लावते आणि मग ओतते. एका तरुणानं अभिप्रायाच्या वहीत लिहिलंय, 'पाणी ओतताना माझ्यातला मी वाहून गेलो.' तो वाहून गेला नाही. तो सांध्यातून खाली आला आणि हिच्या उशीवर पडला.

कारण आमची खोली नाळेकडची. होडीच्या टोकाला सगळ्या फळ्या एकत्र येतात, सगळ्यांत जास्त सांधे तिथं, सगळ्यांत जास्त गळती तिथं. पाहुण्यांना ती खोली देता येत नाही, म्हणून आम्ही घेतली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ही पलंगाभोवती पातेली मांडून झोपते. दर वर्षी विचारायची, "पत्रे कधी घालताय?" मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी." पत्रे घालायचे म्हणजे होडी काढायची, होडी काढायची म्हणजे गावाला विचारायला तोंड मिळणार. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत शेहेचाळीस वर्षं गेली. गेल्या पावसात हिच्या छातीत खोकला बसला, तो उठेचना. डॉक्टर आले, तपासलं, वर बघितलं, त्यांच्या चष्म्यावर एक थेंब पडला. म्हणाले, "आजोबा, मी औषध देतो, पण खरं औषध एकच. यांना कोरड्यात झोपवा. आणखी एक पावसाळा असा काढला तर मी जबाबदार नाही."

मुलाची मागं सिमेंटची खोली आहे, पक्की. मी हिला म्हणालो, "तिकडं झोप." ही म्हणाली, "पत्र्यांचा शब्द तुम्ही दिलाय, मुलानं नाही."

संपलं. मी त्याच दिवशी पत्रे सांगितले. चाळीस पत्रे, जाड, चांगले. म्हटलं, हसू दे गाव, आता हसायला तरी कोण उरलंय, निम्मे गेले, बाकीच्यांना दात नाहीत.

पत्रे ज्या बोटीतून उतरले त्याच बोटीतून हा बोर्डावरचा इतिहास लिहिणारी बाई उतरली. मुलानं परस्पर वारसा खात्याला अर्ज केला होता. मला म्हणतो, "बाबा, शिक्का मिळाला की लांबून लांबून लोक येतील. आणि तुम्ही पत्रे काय लावताय? पत्र्याच्या शेडमध्ये कोण राहायला येतं?" मी म्हणालो, "तुझी आई." तर म्हणाला, "थोडे दिवस थांबा हो." त्याचं चुकत नाही. त्याला खरं माहीतच नाही. त्याला मीच सांगितलं होतं लहानपणी, छप्पर आहे, रीत आहे. बापाचं ऐकणारा मुलगा निघाला, काय करता.

बाई चांगली होती, पण ऐकायची सगळं आणि लिहायची दुसरंच. माझ्यासमोर बसली, वही उघडली, आवाज असा मऊ, जणू मी आताच गेलोय. "आजोबा, छत होडीचं का? त्यामागची भावना काय होती?"

मी म्हणालो, "भावना नव्हती. दार होतं."

तिनं लिहिलं. काय लिहिलं ते बोर्डावर आहे, खालून चौथी ओळ. 'संस्थापकांच्या मते ही वास्तू म्हणजे भूमी आणि सागर यांमधील एक दार.'

मग बादलीचं विचारलं. "ही प्रथा किती जुनी?" मी म्हणालो, "गळतंय तेव्हापासून." तिनं मान हलवली, डोळे ओले, आणि लिहिलं, 'काळाच्या आरंभापासून.' इतिहास म्हणे. मी समोर बसलेलो, आणि तरी मी तिथं नव्हतो.

मग साहेब आले. वारसा खात्याचे, फाईल घेऊन, खिशाला तीन पेनं. दुपारची वेळ, सगळे या खोलीत जमलेले, मुलगा नवा सदरा घालून, पाहुणे, बाई, साहेब, आणि स्वयंपाकघराच्या दारात ही. पत्रे बाहेर अंगणात रचलेले. साहेब म्हणाले, "संस्थापकांचं निवेदन घ्यायचंय. तुमच्या शब्दांत सांगा." मी मुलाकडं बघितलं, तो हसत होता. तेवढ्यात ही खोकली. फार नाही, दोनदाच. पण तो खोकला मी ओळखतो, तळातून येतो, उघडलेल्या सांध्यासारखा.

मी उभा राहिलो. शेहेचाळीस वर्षांत जे बोललो नाही ते एका दमात बोललो. म्हणालो, "साहेब, हे छप्पर नाही, होडी आहे. मासळीवाल्याची. दाराचं माप मी घेतलं नाही, होडी बाहेर निघाली नाही, गाव हसलं, तेव्हा मी खोटं बोललो की छप्पर आहे. ते गळायला लागलं तेव्हा पाणी ओतायला लागलो, कुणी विचारलं तर रीत आहे म्हणालो, तेही खोटं. रीत नाही, गळती आहे. प्राचीन काही नाही, माझी चूक आहे, आणि ती माझ्या बायकोच्या छातीत बसलीय. पत्रे बाहेर आहेत. लावू द्या."

मुलाचं तोंड असं, जणू त्याच्या पायाखालची बोट निघून गेलीय. मला वाटलं, सुटलो. शेहेचाळीस वर्षांचं ओझं, खाली ठेवलं. लाज वाटायची ती वाटली, पण हलकंही वाटलं, खोटं का बोलू.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि हळूच बाईला म्हणाले, "बघितलंत? जुनी माणसं. एवढं मोठं काम करून ठेवायचं, आणि सगळा कमीपणा स्वतःकडं घ्यायचा."

मी म्हणालो, "कमीपणा नाही, साहेब. तीन फूट कमी पडलं."

"असं बांधकाम दुसरीकडं कुठं आहे का?"

"एवढा मूर्ख दुसरीकडं कुठून मिळणार?"

"म्हणजे एकमेव," साहेब म्हणाले, आणि तिन्हीतलं लाल पेन काढून लिहिलं. मी हिच्याकडं वळलो. म्हटलं, तू तरी सांग, तू होतीस. साहेबांनीही विचारलं, "आजी, तुम्हाला काय आठवतं?"

आमची ही. शेहेचाळीस वर्षं थांबली होती या प्रश्नासाठी. पदर सारखा केला आणि म्हणाली, "टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं. मी विचारलंही होतं."

बाईनं लिहिलं, 'दांपत्याने एकदिलाने उभारलेली वास्तू.'

महिन्यानं पत्र आलं. मुलानं मोठ्यानं वाचून दाखवलं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. वास्तू संरक्षित. छपराला खिळा मारायचा नाही, फळी बदलायची नाही, रंग नाही, राळ नाही, आणि पत्रा तर नावच काढायचं नाही. आणि पुढं, 'पाणी अर्पण करण्याची प्रथा संस्थापकांच्या हस्ते दररोज दुपारी चार वाजता अभ्यागतांसमक्ष पार पाडावी.' संस्थापक म्हणजे मी. वय विचारलं नाही कुणी. गुडघे विचारले नाहीत. मी मुलाला म्हणालो, "विचार त्यांना, आजारी पडलो तर?" त्यानं विचारलं. उत्तर आलं. अर्ज करावा, पंधरा दिवस आधी.

मी तीन दिवस जेवलो नाही. हिनं समजूत काढली नाही, तशी ती कधीच काढत नाही. पत्र मागून घेतलं, ही सातवी शिकलेली, चष्मा लावून बोट फिरवत फिरवत सगळं वाचलं, वरून खाली, आणि परत खालून वर. मग म्हणाली, "यात सगळं छपराचं आहे. छपराखालचं काही नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं पत्रेवाल्याला बोलावलं. माझ्याशी बोलली नाही, मुलाशी नाही, त्याच्याशीच. आमच्या खोलीत पलंगाच्या चार बाजूंना चार खांब, वर उतरते सहा पत्रे, पत्र्याला पन्हळ, पन्हळीचं तोंड खिडकीबाहेर. होडीखाली शेड, शेडखाली पलंग, पलंगावर ही. माप तिनं स्वतः घेतलं. टेपचं दुसरं टोक मला धरायला लावलं. मी काहीतरी बोलायला गेलो, तर नुसतं बघितलं. मी टेप धरली.

यंदाचा पावसाळा गेला. तिचा खोकला गेला. शेहेचाळीस वर्षांत ही पहिल्यांदा कोरडी झोपते, आणि झोपते ती नेमकी दुपारी चार वाजता. पाहुण्यांच्या बादल्या सकाळच्या, चारच्या माझ्या. मी वर, होडीच्या कण्यावर, हातात बादली, खाली तुमच्यासारखे तीस-चाळीस जण मोबाईल वर धरून, वारा समोरून, ओतलेल्यातलं निम्मं पाणी माझ्याच अंगावर. उरलेलं फळ्यांतून जातं आणि पत्र्यावर तडतड वाजतं, आणि त्यातून तिचा आवाज येतो, अगदी निवांत, "अहो, उशाकडचा सांधा अजून उघडा आहे, तिकडं आणखी दोन बादल्या टाका."

टाकतो. काय करता.

परवापासून मला खोकला झालाय. डॉक्टर आले, तपासलं, म्हणाले, "आजोबा, रोजचं भिजणं आधी बंद करा, आजपासून." मी म्हणालो, "आजपासून नाही जमणार. पंधरा दिवस आधी सांगायला हवं होतं."